काट्याची साक्ष

जुन्या डिझेल ट्रकचा टेम्परेचरचा काटा चुकीचं दाखवायला लागला की आपल्याकडे तीन गोष्टी होतात. पहिली, गॅरेजवाला नवा सेन्सर बसवतो. दुसरी, त्यानेही फरक पडला नाही की तो थर्मोस्टॅट काढून फेकतो आणि "आता गाडी हीट व्हायचं नाव घेणार नाही" अशी ग्वाही देतो. तिसरी, एवढं करूनही घाटात इंजिन बसलं की मालक ड्रायव्हरला विचारतो, "काटा बघत नव्हतास काय?"

या तिन्हींपैकी एकालाही निदान म्हणता येत नाही. पहिल्या दोन अंदाजपंचे आहेत आणि तिसरा सरळसरळ अन्याय आहे. माझं म्हणणं असं की तिसरी गोष्ट पहिल्या दोघींच्या पोटातूनच येते. काटा का चुकतोय हे कुणी शोधलं नाही, म्हणून काटा बरोबर होता असं धरून चालता आलं. आणि काटा बरोबर होता असं धरलं की चुकायला माणूसच उरतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डिग्री मेकॅनिकलची, नोकरी कोडिंगची. महाराष्ट्रात आता या वाक्यात कुणाला विसंगती दिसत नाही. पुण्यातल्या एका कंपनीत मालवाहू गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचे डॅशबोर्ड बनवतो. म्हणजे काटे बनवणं हाच माझा धंदा, फक्त माझे काटे पडद्यावर असतात. आजोळ कोल्हापूरचं. मामांचा एक ट्रक आहे, साधारण माझ्याच वयाचा. त्यामुळे या भांडणात नाक खुपसायला मला दोन्ही बाजूंनी जागा आहे.

काटा नेमकं काय मोजतो?

पहिली गोष्ट ही की काटा तापमान मोजत नाही. इंजिनच्या ब्लॉकमध्ये किंवा हेडजवळ एक छोटा पितळी बोल्ट पिळून बसवलेला असतो. त्याचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असतं. कंपन्या त्याला सेंडर म्हणतात, गॅरेजमध्ये सरसकट सेन्सर. त्याच्या पोटात थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो. त्याला बहुतेक जुन्या गाड्यांत एकच वायर असते. दुसरी बाजू इंजिनच्या लोखंडातूनच अर्थ होते.

आता करंटचा प्रवास बघा. बॅटरी, इग्निशन स्विच, फ्यूज, काही गाड्यांत व्होल्टेज स्थिर ठेवणारा छोटा रेग्युलेटर, मग मीटर, मग डॅशबोर्डपासून इंजिनपर्यंतची वायर, तिच्यावरचे जोड, सेंडर, सेंडरच्या आट्या, इंजिन ब्लॉक, ब्लॉकपासून चॅसिसपर्यंतची अर्थची पट्टी आणि परत बॅटरी. या अख्ख्या साखळीतून किती करंट गेला, एवढंच काटा सांगतो. पाण्याचं तापमान हा त्या साखळीतला फक्त एक दुवा आहे. बाकीचे दुवे धड आहेत असं आपण मनात म्हणतो आणि मग काट्याला 'टेम्परेचर' म्हणतो.

आकड्यांत सांगतो. मामांच्या गाडीच्या सेंडरचा रोध ९० अंशांना साधारण ५० ओहम, १०० अंशांना साधारण ४०, आणि ८० अंशांना साधारण ७० आहे. समजा, वाटेतल्या एका गंजलेल्या जोडाने ३० ओहम स्वतःचे घुसडले. पाणी १०० अंशांवर आहे, सेंडर प्रामाणिकपणे ४० ओहम देतोय, पण मीटरला दिसतात ७०. काटा दाखवतो ८०. म्हणजे मधोमध, हिरव्या पट्ट्यात, एकदम नॉर्मल. सेंडर चांगला, मीटर चांगलं, आणि बातमी खोटी.

यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की जुना काटा वाटेल तसं खोटं बोलत नाही. त्याच्या खोट्याला दिशा असते आणि त्या दिशेवरून चोर पकडता येतो. वाटेत जादा रोध आला, म्हणजे गंज, सैल टर्मिनल, सेंडरच्या आट्यांवर अतिउत्साहाने गुंडाळलेली टेफ्लॉन टेप, तर काटा खरं आहे त्यापेक्षा थंड दाखवतो. वायरचं कातडं कुठे घासून लोखंडाला टेकलं, तर काटा लालमध्ये जाऊन आपटतो, आणि खड्ड्यागणिक वरखाली होत असेल तर शंकाच नको. वायर तुटली तर काटा जागचा उठत नाही. डिझेलचा काटा आणि टेम्परेचरचा काटा हातात हात घालून चढत-उतरत असतील तर इंजिनकडे बघूच नका, मीटरना मिळणारं व्होल्टेज बघा. आणि हेडलाइट लावल्याबरोबर काटा हलला तर अर्थिंग तपासा, कारण दिवे लावल्याने त्याच क्षणी पाणी तापत नाही.

एक खोटं मात्र जीवघेणं आहे. रेडिएटरमधलं पाणी गळून गेलं की सेंडरचं टोक उघडं पडतं. ते मग पाण्यात नसतं, वाफेत किंवा हवेत लोंबकळत असतं. हवा पाण्यासारखी उष्णता पोचवत नाही. त्यामुळे इंजिन सगळ्यात जास्त तापतं नेमक्या त्याच वेळी काटा खाली येऊ शकतो. घाट चढताना वर गेलेला काटा काही कारण नसताना उतरायला लागला, तर तो 'हुश्श' म्हणण्याचा क्षण नाही. गाडी बाजूला घेण्याचा आहे. हे ड्रायव्हरला कोण शिकवतं? लायसन्सच्या परीक्षेत तर कुणी विचारत नाही.

दहा मिनिटांचं काम

निदानाला काय लागतं? सगळ्यात स्वस्त मल्टिमीटर, एक थर्मामीटर, एक पातेलं आणि घाई न करण्याची तयारी. यातली शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही.

इग्निशन चालू ठेवून सेंडरची वायर काढायची. काटा तळाला गेला पाहिजे. तीच वायर क्षणभर इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला टेकवायची. काटा वर चढला पाहिजे. (टेकवून ठेवून चहाला जायचं नाही, काही मीटर त्यात जळतात.) दोन्ही झालं तर मीटर मेलेलं नाही आणि वायर तुटलेली नाही. पण इथेच थांबणारे लोक फसतात. वायर 'जोडलेली' आहे आणि वायर 'चांगली' आहे यांत फरक आहे. ३० ओहमचा गंज या परीक्षेत आरामात पास होतो, कारण काटा वर तर जातो. म्हणून पुढची पायरी: वायरची दोन्ही टोकं सोडवून तिचा रोध मोजायचा. एक ओहमच्या आत यायला हवा. ब्लॉक आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्येही, गाडी चालू असताना आणि दिवे लावून, व्होल्टेज मोजायचं. ते जवळजवळ शून्य हवं.

मग पातेलं. इंजिन पूर्ण थंड असताना सेंडर काढायचा, त्याचं टोक पाण्यात बुडवायचं, पाणी तापवत न्यायचं आणि थर्मामीटरचा आकडा व रोध शेजारी शेजारी लिहायचे. पाणी उकळेल तेव्हा एक बिंदू फुकट मिळतो. फक्त कोल्हापूर-पुण्याच्या उंचीवर तो १०० चा नाही, ९८ च्या आसपासचा असतो. हा तक्ता सेंडरच्या मूळ तक्त्याशी जुळला नाही तर सेंडर खराब, किंवा जास्त वेळा असं की कुणीतरी आटे जुळतात म्हणून भलत्याच मीटरचा सेंडर बसवलाय. आटे जुळले म्हणजे रोध जुळतो असं नाही. सेंडर आणि मीटर ही जोडी असते. एकाला बदललं की दुसऱ्याला विचारावं लागतं.

हल्ली लोक लेझरचं टेम्परेचर गन घेऊन येतात आणि थर्मोस्टॅटच्या चकाकत्या अ‍ॅल्युमिनियमवर रोखून 'गाडी तर गारच आहे' म्हणून जाहीर करतात. चकचकीत धातू इन्फ्रारेड किरणं कमी सोडतो, म्हणून गन कमी दाखवते. काळी, खरबरीत जागा शोधा, नाहीतर तिथे काळी टेप लावा. तेव्हाही ते धातूच्या सालीचं तापमान असतं, पाण्याचं नाही. तपासायला आणलेलं यंत्रसुद्धा तपासावं लागतं. याला कटकट म्हणा, पण मोजमाप म्हणजे हीच कटकट.

आणि आकडा खरा निघाला तरी काम संपत नाही. रेडिएटरचं झाकण धड असेल तर ते आत दाब धरून ठेवतं, आणि साधारण अर्धा बार दाबाने पाणी ११० च्या पुढे उकळतं. झाकणाचं रबर गेलं असेल तर तेच पाणी घाटमाथ्यावर ९७-९८ ला उकळायला लागतं. म्हणजे काट्याचा १०० एका गाडीत चालून जाणारा आणि दुसऱ्या गाडीत आपत्तीचा. मापाला अर्थ संदर्भाने येतो.

आता त्या काढून फेकलेल्या थर्मोस्टॅटचं. तो काढला की पाणी कायम रेडिएटरमधून फिरतं, सपाट रस्त्यावर इंजिन हवं तेवढं तापतच नाही, डिझेल नीट जळत नाही, झीज वाढते. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायमची उघडी. थोडं पाणी रेडिएटरला टाळून तसंच गरम परत इंजिनात. म्हणजे 'हीट होऊ नये' म्हणून केलेला उपाय ओझं घेऊन घाट चढताना नेमका हीटला हातभार लावतो. चुकीच्या काट्यावर विश्वास ठेवून चांगलं इंजिन बिघडवण्याचा हा आपला राष्ट्रीय उपक्रम आहे.

चिऱ्यांची खेप

हे सगळं मी हौसेने लिहीत नाहीये. मामांच्या गाडीवर एक ड्रायव्हर होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. साठीकडे झुकलेले, शांत. रत्नागिरीच्या बाजूने जांभा चिरा भरायचा, साखरप्यावरून आंबा घाट चढायचा, कोल्हापुरात उतरवायचा, असा वर्षानुवर्षांचा फेरा. चिरा म्हणजे दगड. गाडी खालच्या गिअरमध्ये, रेडिएटरला वारा नाही, इंजिन पूर्ण ताकदीवर. काट्याची खरी परीक्षा असेल तर ती इथे.

एका खेपेला घाटाच्या वरच्या वळणांवर हेड गॅस्केट उडालं. हेड वाकलं होतं, ते फेसिंगला पाठवावं लागलं. उघडल्यावर कळलं की रेडिएटरची जाळी क्षाराने बुजलेली आहे. म्हणजे तापण्याचं कारण सापडलं. पण तापत असताना थांबला का नाहीस, या प्रश्नाचं उत्तर तात्यांकडे होतं ते असं: "काटा मधातच होता." यावर कुणी विश्वास ठेवला नाही. काटा मधे असताना हेड वाकत नाही, एवढं तर सगळ्यांना कळतं. मग तात्या खोटं बोलतात, किंवा डुलकी लागली असणार. तीन महिने पगारातून रक्कम कापली गेली. चौथ्या महिन्यात तात्यांनी काम सोडलं.

दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा इंजिन दुरुस्त होऊन गाडी परत फेरीला लागली होती, आणि नवा ड्रायव्हर म्हणत होता की घाटात काटा हलत नाही. मामांना वाटलं, इंजिन छान बांधून मिळालं. मी मल्टिमीटर काढला. मामींनी एक जुनं पातेलं दिलं, परत न मागण्याच्या बोलीवर. उकळत्या पाण्यात सेंडर ४१ ओहम दाखवत होता, म्हणजे ठणठणीत. वायरची दोन टोकं सोडवून मोजली तर ३१ ओहम. केबिनच्या पत्र्याआड, टेपने गुंडाळलेला, कधीतरी हाताने पिळून दिलेला एक जोड होता. टेप सोलली तर आतलं तांबं हिरवं पडलेलं. कापून नवा जोड दिला, सोल्डर केला, वर रबराची नळी चढवली. खर्च सांगायची लाज वाटते इतका कमी. पुढच्या खेपेला घाटात काटा चढला आणि माथ्यावर आल्यावर उतरला, जसा शहाण्या काट्याने करावा.

पण मला त्या जोडापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. क्लीनर सहज बोलून गेला की तात्या आधी दोनदा म्हणाले होते, "घाटात काटा हलतच नाही, हे लक्षण बरं नाही." बघा, निदान झालेलं होतं. ज्या माणसाला थर्मिस्टर हा शब्द माहीत नव्हता त्याने बरोबर तर्क लावला होता: ओझं वाढलं, वेग कमी झाला, तरी आकडा तोच असेल तर आकडा मेलेला आहे. मोजमापशास्त्राच्या पुस्तकात हे वाक्य जसंच्या तसं घालावं. मी इन्स्ट्रुमेंटेशनच्या पेपरात थर्मिस्टरचा आलेख काढून मार्क मिळवले, पण 'न हलणारा काटा संशयास्पद असतो' हे त्या पेपरात कुणी विचारलं नव्हतं.

मामांनी कापलेले पैसे परत पाठवले, हे सांगायला हवं. तात्यांनी ते घेतले. कामावर मात्र परत आले नाहीत.

"उस्तादाला मीटर लागत नाही"

यावर दोन आक्षेप येतात आणि ते दोन टोकांकडून येतात.

पहिला गॅरेजमधून. उस्ताद वासावरून ओळखतो, आवाजावरून ओळखतो, बॉनेटवर हात ठेवून सांगतो. हे मीटर-बिटर शिकलेल्यांचे चोचले. उद्यमनगरात हात ठेवून बेअरिंगचं दुखणं सांगणारी माणसं मी पाहिलीत आणि त्यांच्यापुढे माझी डिग्री वाकून उभी राहते. पण अनुभव हेही एक उपकरण आहे आणि त्यालाही अधूनमधून पातेल्यात बुडवून तपासावं लागतं. शिवाय एक व्यावहारिक अडचण आहे. उस्तादाचा अनुभव गॅरेजमध्ये चालतो. हिशेबाच्या वेळी चालत नाही. तात्यांना अनुभव होताच की. पैसे कापायची वेळ आली तेव्हा तो कुठल्या वहीत जमा झाला? ज्याच्याकडे सत्ता नाही त्याच्या अनुभवाला पुरावा लागतो, आणि ४१ अधिक ३१ हा पुरावा आहे. मल्टिमीटर उस्तादाचा अपमान करत नाही. तो दुबळ्याच्या बाजूने साक्ष देऊ शकतो, म्हणून मला हवाय.

दुसरा आक्षेप माझ्या जातभाईंचा, म्हणजे वातानुकूलित इंजिनिअरांचा. जुन्या भंगारावर एवढं कशाला? नवीन बीएस-सहा गाड्यांत ईसीयू आहे, सेन्सर डिजिटल आहेत, बिघाड झाला तर कोड येतो. विषय संपला.

विषय इथे सुरू होतो.

शांत बसणारा काटा

आजकालच्या बऱ्याच गाड्यांत टेम्परेचरचा काटा किंवा पट्टी मुद्दाम थोपवलेली असते. पाणी नेहमीच्या तापमानाच्या कितीतरी अंश खाली-वर झालं तरी काटा बरोबर मधोमध बसून राहतो, आणि परिस्थिती हाताबाहेर जायला लागली की एकदम उडी मारतो. कारण? खरा काटा हलतो. चढावर वर जातो, उतारावर खाली येतो. हलणारा काटा बघून ग्राहक घाबरतात आणि सर्व्हिस सेंटरला फोन करतात. काटा शांत केला की फोन कमी होतात. माझदा एमएक्स-५ या गाडीत तर सुरुवातीला तेलाच्या दाबाचं खरं मीटर होतं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्याच जागी असं मीटर आलं जे दिसायला मीटर, पण आतून फक्त चालू-बंद स्विच. दाब पुरेसा असेल तर काटा ठरलेल्या जागी उभा. दिव्याचं काम काट्याचा वेष घालून.

आता तात्यांचं वाक्य आठवा. न हलणारा काटा संशयास्पद असतो. तात्यांच्या ट्रकमध्ये जे दुखणं होतं, गंजाने आलेलं, ते आपण नव्या गाड्यांत वैशिष्ट्य म्हणून बसवलं आहे.

फरक एवढाच की हिरवं पडलेलं तांबं सोलून दाखवता येतं. सॉफ्टवेअरमधला थोपवलेला काटा कुठल्या टेपखाली शोधणार? ईसीयूला सेन्सरचा आकडा अशक्य वाटला तर तो एक पर्यायी, ठरवून ठेवलेला आकडा धरून इंजिन चालू ठेवतो. यात गैर काही नाही, गाडी रस्त्यात बंद पडण्यापेक्षा बरंच. गैर तेव्हा होतं, जेव्हा तो धरलेला आकडा मोजलेल्या आकड्याच्याच कपड्यांत, त्याच रंगात, त्याच जागी दाखवला जातो.

मी हा वाद रोज घालतो. गाडीचा संपर्क तुटला की आमच्या पडद्यावर काय दाखवायचं? शेवटचा आलेला आकडा तसाच ठेवायचा, की जागा रिकामी ठेवून 'माहीत नाही' म्हणायचं? मीटिंगमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं: रिकामी जागा ग्राहकाला आवडत नाही. आलेखातले खड्डे गुळगुळीत करा, रेषा सलग दिसू दे. माझं उत्तरही ठरलेलं आहे: त्या खड्ड्यांत कुणाचा तरी पगार आहे. सलग रेषा बघून उद्या कुणीतरी विचारेल, 'चार वाजता टेम्परेचर नॉर्मल होतं, मग इंजिन कसं बसलं?' आणि चार वाजता गाडी डोंगराआड होती, आकडा आलाच नव्हता, हे सांगणारं पडद्यावर काही नसेल.

यंत्राची बाजू

याला कुणी अतिशयोक्ती म्हणेल. तर दोन उदाहरणं देतो, दोन्ही ट्रकपेक्षा मोठी.

२८ मार्च १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात दाब सोडणारा एक झडप-वॉल्व्ह उघडा अडकला आणि अणुभट्टीचं पाणी निघून जाऊ लागलं. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र वॉल्व्ह बंद असल्याचं सुचवत होता. कारण तो दिवा वॉल्व्हच्या स्थितीशी जोडलेलाच नव्हता; वॉल्व्हला पोचणाऱ्या विजेशी जोडलेला होता. वीज बंद, म्हणजे दिवा बंद, म्हणजे वॉल्व्ह बंद, अशी समजूत. भरीला पाण्याची पातळी दाखवणारं मीटर पातळी जास्त असल्याचं दाखवत होतं, म्हणून कर्मचाऱ्यांनी आणीबाणीचं पाणी कमी केलं. वॉल्व्हची वाट बंद व्हायला दोन तासांहून जास्त वेळ गेला आणि भट्टीचा गाभा अर्धवट वितळला. काटा काय मोजतो आणि आपण त्याला काय म्हणतो, यातलं अंतर एवढं महाग पडू शकतं.

दुसरं उदाहरण माझ्या धंद्यातलं आहे. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची संगणक यंत्रणा आणली. तिने शाखांमध्ये तूट दाखवायला सुरुवात केली. शाखा चालवणारी माणसं सांगत होती की पैसे गेलेले नाहीत, यंत्रणा चुकतेय. ९०० हून जास्त लोकांना शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, अनेकांनी नसलेली तूट खिशातून भरली. संगणक नीट चालत होता हे न्यायालयात आधी दाखवावं लागण्याची तरतूद तिथे १९९९ च्याच कायद्याने रद्द झाली होती. उलटं सिद्ध होईपर्यंत यंत्र बरोबर, असं धरलं जात होतं. शेवटी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. "काटा बघत नव्हतास काय?" या प्रश्नाचंच हे इंग्रजी, सरकारी रूप.

आपल्याकडे कायदा निदान कागदावर तरी शहाणा आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमानुसार नुकसानीपोटी पगार कापायचा असेल तर ते नुकसान कामगाराच्या हलगर्जीमुळे झालेलं असावं लागायचं आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागायची. पण बाजू मांडायची म्हणजे काय? तात्यांनी मांडलीच होती की: काटा मधात होता. ती बाजू तपासायची तर सेंडर काढावा लागतो, पातेलं ठेवावं लागतं, वायर सोडवावी लागते. तपासणीशिवाय ऐकून घेणं म्हणजे नुसती सभ्यता. न्याय त्याच्या पुढे सुरू होतो.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि स्वस्त आहेत. गॅरेजवाल्यांनी सेन्सर बदलण्याआधी वायर मोजावी आणि थर्मोस्टॅटला हात लावण्याआधी पातेलं चढवावं. मालकांनी एक रुपयाही कापण्याआधी काट्याची उलटतपासणी करावी, आणि ड्रायव्हर 'काटा हलत नाही' म्हणाला तर ती तक्रार तारखेसकट लिहून ठेवावी. आयटीआयपासून इंजिनिअरिंगपर्यंत जिथे जिथे मोजमाप शिकवतात, तिथे एक प्रात्यक्षिक बिघडलेल्या सर्किटवर व्हावं, धड सर्किटवर सगळ्यांनाच मार्क मिळतात. आणि माझ्यासारख्या पडद्यावर काटे काढणाऱ्यांनी मोजलेला, धरलेला आणि न आलेला आकडा तीन वेगळ्या रंगांत दाखवावा, ग्राहकाला आवडो न आवडो.

यातल्या कुठल्याच गोष्टीला नवं तंत्रज्ञान लागत नाही. सगळ्यात स्वस्त मल्टिमीटर आजही काही शे रुपयांत मिळतो. तो नसेल तर निदान गाडी चालवणाऱ्या माणसाला विचारा की काटा शेवटचा हलताना कधी पाहिला होता, आणि त्याचं उत्तर खरं असू शकतं असं धरून बॉनेट उघडा.